पावडर

रात्री पावणेदोनला आले वाल्मिक आहेर,
सातपूरला लेथवर असतात,
मांडीवर घमेलं, टॉवेल रक्तानं जड,
मागे मुलगी, एकाच पायात चप्पल.

'दारू?' वॉर्डबॉयनं विचारलं, सवयीनं.
'सुपारीसुद्धा नाही,' ती म्हणाली.
'जुनी कावीळ आहे. बी की सी, कागदावर लिहिलंय.'
कागद भिजला होता.

मग सगळी घाई.
दोन्ही हातांत जाड सुया, रक्तपेढीला फोन,
शिरा आवळणारं औषध ठिबकायला लावलं,
आणि त्याच घाईत मी एक छोटी बाटली हलवत होते,
तळाला पांढरी पावडर, वर दहा मिली पाणी.

मुलीनं माझं मनगट धरलं.
'ताई, तोंडातून रक्त जातंय त्यांच्या,
आणि तुम्ही तापाचं इंजेक्शन भरताय?
ताप नाहीये त्यांना.'

बरोबर होतं तिचं.
'येऊ नये म्हणून,' मी म्हणाले.
बाटली हलवताना एवढंच बोलता येतं.

साडेतीनला ती बाकावर टेकली, तेव्हा सांगितलं:
यकृत दगड झालं की रक्त अडतं,
गंगापूर धरण तुडुंब भरावं तसं.
मग ते आडवाटेनं निघतं
अन्ननलिकेच्या बारीक शिरांमधून,
ज्या एवढ्या पाण्यासाठी नव्हत्याच कधी.
त्यातली एक फुटली. ती तू घमेल्यात पाहिलीस.

'म्हणजे दुतोंड्याच्या छातीपर्यंत,' ती म्हणाली.
नाशिकचं माणूस पूर असाच मोजतं.

मला मात्र अण्णा आठवत होते.
महापालिकेत बिगारी, आरोग्य विभाग.
पूर बघायला सगळं गाव पुलावर लोटायचं,
अण्णा घरी झोपायचे. त्यांचं काम पाणी उतरल्यावर.
भांडी बाजारात घोटाभर चिखल,
अण्णांच्या खांद्यावर गोणी, नाकाला फडकं,
मुठीमुठीनं पांढरी पावडर फेकत
गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.
दुकानदार खेकसायचे, 'इथं कोण आजारी पडलंय?'
'कोणीच नाही. म्हणून तर आत्ता.'
आठवडाभर डोळे लाल.
साथ आली नाही त्या वर्षी.
न आलेल्या साथीचा सत्कार कोण करतं?

आतड्यात जंतू असतात, आपलेच,
जुन्या भाडेकरूंसारखे निमूट.
रक्त सांडलं की भिंत सैल होते,
राखणदार यकृत तर आधीच अंथरुणाला.
मग ते पाझरतात पोटातल्या पाण्यात, रक्तात,
आणि थांबलेली शीर पुन्हा उसळते.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये.
बेड अकरा. रक्त थांबलं, सगळे हसले,
बाटली सकाळच्या राउंडची वाट बघत ट्रेमध्ये.
पाचव्या दिवशी तो माणूस
बायकोला 'तुम्ही कोण?' म्हणाला.
सहाव्या दिवशी बेड रिकामा.
ड्यूटी माझी होती.

तेव्हापासून डॉक्टर मोगलांच्या तोंडून
औषधाचं नाव पुरतं बाहेर पडायच्या आत
माझ्या अंगठ्यानं झाकण उडवलेलं असतं.

आहेरांच्या शिरांना सकाळी दुर्बिणीतून रबरी कड्या बसल्या.
सिन्नरहून भाऊबंद आले, अंगाऱ्याची पुडी घेऊन.
'अंगारा लावा,' मी म्हटलं, 'हात आधी नळाखाली.
साबण लावून. अंगठासुद्धा.'
थोरल्या चुलत्यांना राग आला. येऊ दे.
रोज सुईची जागा दाबून बघितली, लाल आहे का,
रोज विचारलं, 'आहेर, आज वार कोणता?'
एका सकाळी ते बराच वेळ गप्प राहिले.
माझ्या पोटात गोळा.
मग म्हणाले, 'बुधवार. कारखान्याला सुट्टीचा.'

सातव्या दिवशी मुलीनं पेढे वाटले,
दुर्बीणवाल्या डॉक्टरांच्या पाया पडली.
मग माझ्याजवळ आली, दोन्ही पायांत नव्या चपला.
'ताई, राग नका मानू.
ताप तर आलाच नाही त्यांना.
मग ती इंजेक्शनं उगाचच गेली ना?'

'हो,' मी म्हणाले, 'उगाचच.'

आणि पेढा कागदात गुंडाळून ठेवून
बेसिनपाशी गेले.
बाहेर पुन्हा एक स्ट्रेचर करकरत होतं.